राहीबाई गप बसली नव्हती

बिभीषण बांधावर आला तेव्हा राजेश्वरीचा तिसरा वाफा निम्मा झाला होता. कांद्याचं रोप अंगठ्याने चिखलात दाबायचं, चार बोटं सोडून दुसरं दाबायचं, आणि उकिडव्यानेच पुढे सरकायचं. सकाळपासून पाण्यात असल्यामुळे बोटं बधिर झाली होती. डिसेंबरचं ऊन अजून अंगाला लागत नव्हतं. साड्यांवर नवऱ्यांचे जुने शर्ट चढवून सात बायका सात वाफ्यांत वाकल्या होत्या. त्यातली एक बिभीषणची बायको पुष्पावती. रान घरचं असलं तरी लागणीला ती बायकांबरोबरच बसायची.

"राजे, ऊठ," बिभीषण म्हणाला.

रोप दाट पडलं असेल असं राजेश्वरीला वाटलं. हातातली जुडी वाफ्याच्या कडेला ठेवून ती उभी राहिली. पाय आखडले होते. बिभीषणने मोबाईल तिच्यापुढे धरला. त्यात छापील पानाचा फोटो होता. वर जाड अक्षरात 'ऊन लागलं' आणि खाली तिचं नाव.

"हे तू ल्हिलं?"

"व्हय अण्णा."

"ह्यातला मालक कोन?"

"गोष्टीतला हाय."

"गोष्टीतला! गोष्टीतल्याच्या विहिरीवर चिंचंचं झाड हाय, बुडाखाली लाल गाडी हाय, आन बोलताना त्यो डावा कान खाजवतोय. मंग माझ्याच घरात राहतोय का त्यो?"

त्याचा हात खरंच कानाकडे गेला होता. त्याने तो खाली घेतला. पूजा, राहीबाईची नवी सून, खाली मान घालून हसली आणि लगेच गप झाली.

"पोराचा, हर्षलचा, पुण्यातनं फोन आला," बिभीषणचा आवाज चढला. "म्हनला, अण्णा, दिवाळी अंकात तुमच्यावर छापून आलंय. वसतिगृहातली पोरं वाचून दावत्यात त्याला. माझ्या रानात काम करायचं, माझ्या विहिरीचं पानी प्यायचं, आन माझीच अब्रू पेपरात टाकायची व्हय? निघ. त्याच पुस्तकात माफी छापून आन, तवा कामाला ये. तवर ह्या रानात पाय टाकायचा न्हाई."

राजेश्वरीने बायकांकडे पाहिलं. शेजारच्या वाफ्यात तिची सासू भीमाबाई होती. तिने मान वर केली नाही. तिचा अंगठा चिखलात जात होता, वर येत होता. पलीकडे राहीबाई पाटीतून नवी जुडी घेत होती. कुणी उठलं नाही. पाटातून पाणी पुढच्या वाफ्यात शिरलं आणि विहिरीवरची मोटर तशीच घुमत राहिली.

ती चपला हातात घेऊन बांधाने निघाली.

वाडी खर्ड्यापासून कोसभर. बिभीषणच्या रानापासून घरी यायला अर्धा तास लागायचा. पायांवरचा चिखल वाळून पांढरा झाला, भेगांत ताणायला लागला. हातपंपावर कुणीतरी विचारलं, "आज लवकर सुट्टी झाली?" तिने "व्हय" म्हणून पाय उचलले. तिला बिभीषणच्या बोलण्याचं तेवढं वाटलं नव्हतं. त्याला राग येणार हे तिला गोष्ट लिहितानाच ठाऊक होतं. पण आत्याबाईंनी मान वर केली नाही, हे तिला लागलं होतं.

कारण ती गोष्ट तिने एकटीने लिहिलीच नव्हती.

लग्न होऊन वाडीत आली तेव्हा राजेश्वरी जामखेडला बारावी झालेली होती. तिथे तिला मराठी शिकवणारे अवधूत सर म्हणायचे, तुला दिसतं ते लिही. सहा वर्षं तिने काही लिहिलं नाही. मागच्या साली लागणीच्या वेळी, दुपारी भाकरी खाऊन झाल्यावर, तिने बियाण्याच्या जाहिरातीच्या कागदामागच्या कोऱ्या बाजूला चार ओळी लिहिल्या. राहीबाईने ते पाहिलं. "काय गं, पत्र?" "न्हाई मावशी, उगं आपलं." दुसऱ्या दिवशी जेवणानंतर राहीबाई तिला म्हणाली, "तू बस तितंच. तुझा वाफा मी आन तुझी सासू वढतो." त्याला बायकांनी नाव पाडलं, राजीची सुट्टी. लागण, खुरपणी, काढणी, सगळ्या कामांत राजीची सुट्टी चालू राहिली. एकीने पुढच्या बांधाकडे नजर ठेवायची, मालक दिसला की खोकायचं. भीमाबाई तर शेजारणींना सांगायची, सून कसल्यातरी परीक्षेचा फारम भरतीय. वह्या पुष्पावतीने दिल्या. हर्षल पुण्याला गेला तेव्हा त्याच्या शाळेच्या अर्ध्या कोऱ्या वह्या ती रद्दीत घालणार होती. त्या तिने पदराखालून आणून राजेश्वरीच्या पाटीत टाकल्या होत्या.

राजेश्वरीने घरी येऊन पाय धुतले, पेटीतून अंक काढला. गोष्टीच्या शेवटी चौकटीत दोन ओळी होत्या. 'लेखिका शेतमजूर आहेत. या लेखनासाठी त्या अवधूत सरांच्या ऋणी आहेत.' गोष्ट सरांनीच अंकाकडे पाठवली होती, आणि या ओळी तिनेच सांगितल्या होत्या. आज पहिल्यांदा त्या वाचताना तिला कसंतरी झालं.

नवऱ्याचा, कल्याणचा, फोन आला. तो कोल्हारकडे उसाच्या ट्रॅक्टरवर होता. त्याला आधीच कळलं होतं.

"बिभीषणअण्णाचा मला बी फोन आल्ता. बायकूला आवर म्हनला."

"मंग?"

"मी म्हनलं, ल्हिनारी ती हाय, तिला इचारा. मला ट्रॅक्टर कळतो." मग तो म्हणाला, "खोटं ल्हिलंस का काय?"

"न्हाई."

"मंग भाकर खा. आवाज पार बसलाय तुजा."

दिवस मावळायच्या आत भीमाबाई आली. एकटी नव्हती. मागे राहीबाई, पूजा आणि टोळीतल्या दुसऱ्या दोघी. अंगावर चिखल तसाच. सगळ्याजणी अंगणात भिंतीला टेकून बसल्या. भीमाबाईने घमेल्यात पाणी घेतलं, हात बुडवून अंगठ्याच्या नखातला चिखल काडीने काढायला लागली. राजेश्वरीने चहा ठेवला.

कप पुढे करत राजेश्वरी म्हणाली, "आत्याबाई, तुमी वर सुदीक बघितलं न्हाई."

"काय बघायचं?" भीमाबाई म्हणाली. "त्यो म्हनतोय माझ्यावर ल्हिलं, तू म्हनतीस गोष्टीतला. आमाला काय ठाव काय ल्हिलंय ते? न वाचता कुनाच्या बाजूनं उठू?"

"तुमाला सगळं ठाव हाय की. राहीमावशीला उलट्या झाल्या, त्येच."

आता राहीबाई बोलली. पन्नाशीची, काटकुळी, आवाज मात्र बांधापलीकडे जाणारा. "उलट्या माझ्या. वाफे आमी वढले. वर्सभर तू ल्हीत हुतीस आन आमी खोकत हुतो. पुस्तक येऊन म्हैना झाला. कवा बोलावलंस, की मावशी बस, वाचून दावते?"

राजेश्वरीला वाटलं होतं, यांना काय त्यातलं. असं ती मनातही कधी बोलली नव्हती, पण वागली तशीच होती.

"वाच," भीमाबाई म्हणाली.

उजेड होता तोवर राजेश्वरीने वाचलं. मागच्या एप्रिलातली काढणी. भर दुपारी मालकाने प्यायचं पाणी पाठवलं ते तणाच्या औषधाच्या कॅनमधून. वास येत होता, पण तहान मोठी होती. पहिल्यांदा प्यायली ती म्हातारी मजूर बाई. थोड्या वेळाने ती कांद्याच्या ढिगावर ओकायला लागली. मालक म्हणाला, ऊन लागलं. दवाखान्यात सलाईन लावतानाही तो तेच म्हणाला. बायका ऐकत होत्या. पूजाने तोंडाला पदर लावला होता. कान खाजवायचं आलं तेव्हा त्या हसल्या. ओकारीचं आलं तेव्हा राहीबाई स्वतःच्याच पोटावर हात ठेवून बसली.

शेवट असा होता, 'ती चिंचेखाली निपचित पडून राहिली. काही बोलली नाही. नुसती आभाळाकडे बघत राहिली. सगळ्या बायका मुक्या झाल्या होत्या.'

राजेश्वरी थांबली. मग राहीबाई पुढे सरकली.

"आभाळाकडं? मी? कवा गं?"

"म्हंजी, मावशी, ते तसं..."

"मी उठले हुते. भीमे, तू धरत हुतीस मला आन मी तुला ढकललं. त्यो कॅन उचलला आन त्याच्या गाडीवर हानला. म्हनलं, आदी तू पी, मंग मला ऊन लागलं म्हन. म्हनले का न्हाई?"

"म्हनलीस," भीमाबाई म्हणाली. "गाडीच्या टाकीला पोचा पडला. अजून हाय."

"आन आमी मुक्या झालो?" दुसरी एक म्हणाली. "सगळ्याजनी काम टाकून दवाखान्यापतुर गेलो हुतो चालत."

"ते का न्हाई ल्हिलं?" राहीबाईने विचारलं. तिचे डोळे भरले होते, पण ते रागाने. "मला निपचित पाडून ठिवलं. जित्तेपनी. लोकं म्हनतील, कशी गरीब बिचारी. मी बिचारी न्हाई गं राजे."

राजेश्वरीने पहिल्यांदा लिहिलं होतं तेव्हा कॅन हाणल्याचं होतं. मग खोडलं. तिला वाटलं, गप बाई जास्त लागते वाचणाऱ्याला. पुस्तकांतल्या गोष्टींत तसंच असतं. शिवाय कॅन हाणल्याचं लिहिलं तर बिभीषण पार चवताळेल, ही भीतीही होतीच. दोन्ही तिने सांगितलं. खोटं बोलायला जागाच नव्हती.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "अण्णाची माफी मी मागनार न्हाई. तुमची मागते."

राहीबाईने नाक पुसलं. "माफी नगं. दुरुस्त कर." आणि चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, "सकाळी तयार ऱ्हा. संगंच जायचं."

सकाळी सहाजणी रानात गेल्या, पण वाफ्यात उतरल्या नाहीत. बांधावर ओळीने बसल्या, मधे राजेश्वरी. रानात पाणी सोडलेलं होतं. वाफे भरून चकाकत होते. आदल्या दिवशी उपटलेलं रोप ओल्या गोणपाटाखाली ढीग करून ठेवलेलं. दिवसाची लाईट आठवड्यातून तीनच दिवस, आणि आज ती दोनला जायची होती. पुष्पावती एकटीच एका वाफ्यात बसून लावत होती.

बिभीषण पाटाचं दार अडवून, फावडं टेकत आला. राजेश्वरीला पाहून त्याने फावडं चिखलात रोवलं.

"हिला कामून आनली?"

"टोळीतली हाय," राहीबाई म्हणाली. "आमी रोप लावू तर ती बी लावंल. न्हाईतर कुनीच न्हाई."

"खर्ड्यातनं गाडी भरून बायका आनतो मी."

"आना की. समद्या शिवारात लागन चालू हाय. कुनाच्या वाफ्यातनं उठवून आनता ते बगा."

बिभीषणने मोबाईल काढला. दोन ठिकाणी फोन लावला. दुसऱ्या वेळी तो चालत लांब गेला, पण वारं बायकांकडेच होतं. "परवा? परवा काय करू, रोप सुकंल की..." परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता आणि त्यामुळे राग वाढला होता.

"माफी छापल्याबिगर न्हाई. मी त्या पुस्तकवाल्याला बी फोन केलाय. वकिलाचं नाव सांगितलंय."

ते खरं होतं. सकाळीच अवधूत सरांचा निरोप आला होता. संपादक जानेवारीच्या अंकात अर्धं पान देतो म्हणाले होते, काय छापायचं ते लेखिकेने सांगावं, आजच सांगावं. राजेश्वरीने तिथेच फोन लावला आणि आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"सर, अर्ध्या पानाचं सांगते. लिहून घेताय ना?"

"घेतो. दिलगिरी म्हणायचंय का? नुसतं 'कुणाचं मन दुखावलं असल्यास' एवढं टाकलं तरी..."

"न्हाई सर. दुरुस्ती हाय. ल्हा." तिने आता पुस्तकी भाषा सोडून दिली. "माझ्या गोष्टीत एक खोटं हाय. त्यात म्हातारी बाई गप पडून ऱ्हाती. ती गप पडली न्हवती. तिनं औषधाचा कॅन मालकाच्या गाडीवर हानला आन म्हनली, आदी तू पी. बाकीच्या बायकांनी काम टाकलं. हे मी भिऊन गाळलं हुतं."

"ए!" बिभीषण ओरडला. "गाडीबिडी काय न्हाई! कॅन धुतल्याला हुता!"

फोनमध्ये सर थांबले. "कोण बोलतंय?"

"मालक बोलत्यात," राहीबाईने फोनपुढे तोंड नेऊन सांगितलं. "तुमी ल्हा."

"आन सर," राजेश्वरी म्हणाली, "शेवटी चौकटीत तुमचं नाव हाय. ते ऱ्हाऊ दे. तुमी नसतात तर गोष्ट पेटीतच ऱ्हायली असती. पर तुमच्या आदी दुसरी नावं यायला पायजेत. मी ल्हीत हुते तवा माझे वाफे ज्यांनी लावले त्यांची."

"राजेश्वरी, जरा विचार कर," सर हळू आवाजात म्हणाले, पण ऐकू सगळ्यांना गेलं. "तुझं ठीक आहे, तू लेखिका आहेस. त्या बायकांची नावं छापली की उद्या त्यांना कुणी कामाला बोलावणार नाही. आभार मानायला जाशील आणि त्यांच्या पोटावर पाय येईल."

राजेश्वरीने फोन खाली घेतला. हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. ती भीमाबाईकडे पाहत म्हणाली, "खरं हाय त्यांचं. नगं घालायला."

भीमाबाई उठली. गुडघ्यावर हात देऊन, हळूहळू. काल जिने मान वर केली नव्हती ती बिभीषणच्या समोर जाऊन उभी राहिली, पण बोलली फोनशी.

"सर, मी हिची सासू. भीमाबाई महादू खाडे. सही मला येत न्हाई, म्हनून नीट ल्हा. हिचे वाफे मी वढले, आन पुढं बी वढनार हाय."

"राहीबाई सोपान जावळे," राहीबाई लगेच म्हणाली. "जावळे. लोकं जवळे करत्यात. म्हातारी मजूर बाई म्हंजी मी, हे बी टाका. आन म्हातारी खोडा."

पूजा उभी राहिली, पदर सावरला, पुन्हा बसली, पुन्हा उठली. "पूजा. पूजा जावळे. मी नुसती खोकत हुते."

हसू फुटलं. हसता हसता दुसऱ्या दोघींनी आपापली नावं सांगितली. एकीला नवऱ्याचं नाव घ्यायला लाज वाटली, ते शेजारणीने सांगितलं. फोनमध्ये सर प्रत्येक नाव परत म्हणून दाखवत होते. चुकलं की बायका एकदम ओरडून दुरुस्त करत होत्या.

बिभीषण बघत होता. त्याच्यासमोर कुणी भांडत असतं तर त्याला काय करायचं ते ठाऊक होतं. नावं सांगणाऱ्या बायकांपुढे काय करायचं ते त्याला कळेना. "छापा," तो शेवटी म्हणाला. "छापा काय छापायचं ते. कॅन धुतल्याला हुता. कुनाकडं काय पुरावा हाय?"

"धुतला न्हवता."

आवाज वाफ्यातून आला होता. पुष्पावती उठून उभी होती. घोट्यापर्यंत चिखलात, हातात रोपाची अर्धी जुडी. ती मोठ्याने बोलणारी बाई नव्हती. वाडीत तिला सगळे हर्षलची आई म्हणायचे.

"तू गप बस," बिभीषण म्हणाला.

"मी ती गोष्ट वाचली," ती म्हणाली. ती त्याच्याकडे पाहत नव्हती, राजेश्वरीकडे पाहत होती. "चवथी शिकल्येय मी. हर्षलनं ह्यांला पाठवली तशी मला बी पाठवली. दोनदा वाचली. त्यात मी कुठंच न्हाई."

"काकू, मला वाटलं तुमाला तरास..."

"कॅन मी भरला हुता. वास येतुया म्हनलं, तर हे म्हनले, बायका खोळंबल्यात, भर तसाच. मी भरला." तिने ओल्या हाताच्या पाठीने कपाळ पुसलं. चिखलाचा पट्टा उमटला. "आठ म्हैने झाले. राहीबाई रोज माझ्या शेजारच्या वाफ्यात बसती. मी तिला सांगितलं न्हाई."

राहीबाई बांधावरून वाफ्याच्या कडेला आली. पाटातलं पाणी बांध फोडून भलत्याच वाफ्यात चाललं होतं. बिभीषणचं तिकडे लक्ष नव्हतं.

"पुष्पे, घरी चल," तो म्हणाला. आवाज आता खाली आला होता.

"लाईट दोनला जाईल. रोप लावायचंय," ती म्हणाली आणि चिखलातून दोन पावलं पुढे येऊन फोनजवळ थांबली. "सर, हे बी ल्हा. कॅन औषधाचा हुता, धुतला न्हवता, मालकाच्या बायकूनं सोता सांगितलं. आन त्या नावांत माझं नाव घाला. हिला वह्या मी दिल्या."

"नाव काय लिहू, बाई?" सरांनी विचारलं.

"पुष्पावती," ती म्हणाली. मग वळून पहिल्यांदा नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं. "पुष्पावती बिभीषण ढवळे. पुरं ल्हा. आडनावासकट."